नळी तळाला

बर्फाच्या समुद्रावर जाऊन आलो असं कळलं की लोक आधी थंडीचं विचारतात, मग खाण्याचं, आणि मग जरा आवाज उतरवून, तिथे बायका होत्या का, हे विचारतात. तिन्ही उत्तरं मी इतक्यांदा दिली आहेत की आता ती पाठ केल्यासारखी वाटतात. आईने यातलं काहीच विचारलं नाही. मी निघायच्या आदल्या दिवशी शेंगदाण्याच्या चटणीचं फडकं आवळून बांधताना तिने एवढंच विचारलं, "तिथं पानी कोन वाडतं?"

मी हसलो नाही. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात हा अगदी व्यवहारातला प्रश्न होता. छप्पन्न सालानंतर आमच्या वस्तीने बौद्ध धम्म स्वीकारला, देव्हाऱ्यातले देव ओढ्यात सोडले, भिंतीवर नवी तसबीर लागली. आम्ही धर्म बदलला. गावच्या विहिरीने काही बदलला नाही. विहिरीच्या ओट्याखाली घागरी घेऊन उभं राहायचं. वरच्या आळीतल्या कुणाला दया आली किंवा सवड झाली की तिने पोहरा शेंदून वरून आमच्या घागरीत पाणी ओतायचं. याला पाणी वाढणं म्हणायचे. पोहरा आणि घागर यांच्यात वीतभर अंतर राहिलंच पाहिजे. जवळ गेलात तर शिव्या, लांब राहिलात तर निम्मं पाणी मातीत.

त्या वितीत आईचा हात पक्का बसलेला होता. वाढणारी वाकली की तिची घागर तेवढीच खाली जायची, वाढणारी सरळ झाली की वर यायची, आणि खाली सांडलेलं पाणी एखाद्या ओंजळीपेक्षा जास्त नसायचं. मी तिच्याशेजारी लहान कळशी धरून उभा राहायचो. मला कुणी शिकवलं नाही. हात आपोआप शिकला. पुढे मी हायस्कुलात गेलो तेव्हा वस्तीत आमचा स्वतःचा आड झाला आणि ओट्याखाली उभं राहणं संपलं. मला वाटलं, ते कायमचं संपलं.

आम्हाला बहुतेक वेळा आक्का पाणी वाढायची. वरच्या आळीतल्या बागायतदाराच्या घरची ही बाई, आईपेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. सारा गाव तिला आक्का म्हणायचा, आम्हीही. तिच्याबद्दल वाईट लिहायला माझा हात उचलत नाही. ती घागर काठोकाठ भरायची, घाई करायची नाही, माझा नंबर कितवा आला ते विचारायची आणि पहिला म्हटलं की गुळाचा खडा द्यायची. खडाही वरूनच सोडायची. मी तो झेलायचो.

तेव्हा आईच्या प्रश्नाला मी म्हणालो, की तिथे ज्याचं त्याने घ्यायचं. तिने मान डोलावली, पण तिला काही ते पटलं नसावं.

मी नगरला बी.एस्सी. झालो, पुण्याला पुढचं शिकलो आणि समुद्रावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत लागलो. पारनेरच्या माळावरचा माणूस समुद्रावर कसा, असं तिथले किनाऱ्यावर वाढलेले सहकारी मला विचारायचे. मला पोहताही येत नव्हतं. दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रात जाणाऱ्या एका परदेशी संशोधन जहाजावर आमच्या देशासाठी एक जागा मिळाली, तेव्हा ती माझ्याकडे आली याचं कारण माझी हुशारी एवढंच नव्हतं. माझ्या वरच्या एकाला बोट लागायची आणि दुसऱ्याचं लग्न ठरलं होतं. बाहत्तरच्या हिवाळ्यात मी जहाजावर चढलो. गावाकडे तेव्हा दुष्काळात पहिलं पीक जळून गेलेलं होतं आणि आई खडी फोडायच्या कामावर जायला लागली होती. वडील मी कॉलेजात असतानाच गेलेले. ती एकटीच होती आणि मी निघालो. याचं मला वाईट वाटलं, आणि तरीही निघालो, हे दोन्ही खरं आहे.

आमचं काम काय, ते सोप्या भाषेत सांगतो. समुद्रात गवत उगवत नाही, पण समुद्राच्या वरच्या थरात डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक वनस्पती तरंगत असतात. त्यांना प्लवक म्हणतात. त्यांच्यावर बारीक जीव जगतात, त्या जिवांवर मासे, माशांवर पेंग्विन आणि सील. देवमाशासारखं अवाढव्य जनावरही शेवटी त्याच हिरव्या पिठावर पोसलेलं. तर त्या समुद्रात एका दिवसात हे पीक किती येतं, ते मोजायचं. शेतकरी खळ्यावर पोती मोजतो. आम्ही हवा मोजायचो. वनस्पती उजेडात वाढताना पाण्यात प्राणवायू सोडतात. म्हणून एकाच ठिकाणचं पाणी दोन बाटल्यांत भरायचं, एक बाटली नुसत्या काचेची, दुसरी काळं फडकं गुंडाळलेली. दोन्ही डेकवरच्या हौदात समुद्राच्या वाहत्या पाण्यात दिवसभर ठेवायच्या. उजेडातल्या बाटलीत प्राणवायू वाढतो, अंधारातल्या बाटलीत कमी होतो. दोहोंतला फरक म्हणजे पीक.

एवढं सगळं एका गोष्टीवर उभं होतं. पाणी भरताना त्याला बाहेरची हवा लागता कामा नये. खोल पाणी आणायला लोखंडी दोरावर नळकांडी सोडायची, ती पाहिजे त्या खोलीवर दोन्ही टोकांनी मिटायची आणि रहाटाने वर यायची. नळकांड्याला खाली तोटी, तोटीला रबरी नळी. ती नळी काचेच्या बाटलीच्या तळाला टेकवायची आणि पाणी हळू चढू द्यायचं, दोन-तीनदा भरून वाहू द्यायचं, मग नळी अलगद काढायची. एक बुडबुडा राहिला तरी ते पाणी फुकट. परीक्षेत हा प्रश्न मला आला होता आणि मी उत्तरात तळाला या शब्दाखाली रेघ मारली होती.

जहाजावर पाळ्या बारा-बारा तासांच्या. एका पाळीत मी, दुसऱ्या पाळीत जहाजवाल्यांच्या देशाचा एक मुकाट तरुण. दोघांवर प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई. पन्नाशीच्या, जाड भिंगाच्या, लोकरीच्या टोपीवर आणखी एक टोपी घालणाऱ्या. त्यांचं इंग्रजी माझ्यासारखंच शिकून आलेलं, त्यामुळे आम्हाला एकमेकांचं छान समजायचं. पहिल्या दिवशीच त्यांनी एक नियम सांगितला. पाळी माझी असेल तेव्हा वर आलेल्या नळकांड्याला माझ्याआधी कुणीही हात लावायचा नाही. खलाशाने नाही, कप्तानाने नाही, खुद्द बाईंनीही नाही. पाण्याची पहिली धार माझी. मग इतरांनी आपापल्या कामाला पाणी घ्यायचं.

हा नियम ऐकून मला काय वाटलं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आता सांगतो. मला भयंकर हसू आलं आणि केबिनमध्ये जाऊन मी थोडा रडलो. पाण्याला माझ्याआधी कुणी शिवायचं नाही! रहाटावरचा खलाशी दांडगा, दाढीवाला माणूस होता. तो नळकांडी वर आली की दोन पावलं मागे सरायचा आणि मला पुढे व्हायची खूण करायचा. रोज तो मागे सरला की माझी छाती पुढे यायची. फुशारकी म्हणा.

ती फुशारकी पंधराएक दिवस टिकली. एकदा जेवणाच्या टेबलावर बाईंनी आकड्यांचे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. तरुणाच्या पाळीतलं खोल पाणी जसं असायला हवं तसं होतं, प्राणवायू कमी. माझ्या पाळीतलं त्याच खोलीचं पाणी मात्र वरच्या पाण्यासारखं ताजंतवानं. त्यातच एका नळकांड्यातून भरलेल्या माझ्या दोन बाटल्याही एकमेकींशी जुळत नव्हत्या. समुद्र काही आमच्या पाळ्या पाहून बदलत नाही, असं बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, आणि त्यामुळे मला जास्त लागलं.

मी आधी रसायनांवर संशय घेतला, ती बदलली. मग बाटल्यांच्या बुचांवर घेतला, ती तपासली. मग त्या तरुणावर घेतला आणि तसं बोलूनही दाखवलं. मी मूळचा तापट, त्यात आपलं चुकत असेल हे डोक्यात यायला मला इतरांपेक्षा दोन दिवस जास्त लागतात. बाईंनी शेवटी स्पष्ट सांगितलं. आठवड्याने आपण बर्फाच्या काठाशी पोचू. पीक तिथे आहे, सगळी मोहीम त्या काठासाठी आहे. तोपर्यंत चूक सापडली नाही तर पाण्याचं काम दुसऱ्या पाळीकडे जाईल, मी जाळी धुवायची, आणि मधल्या बंदरावर मला उतरून घरी जायचं असेल तर त्यांची हरकत नसेल. म्हणजे माझ्या देशाची जागा रिकामी जाणार. म्हणजे संस्थेत परत गेल्यावर लोक काय म्हणतील ते मला तिथे बसल्या बसल्या ऐकू यायला लागलं. त्यातला एक तरी नक्की म्हणेल की, अशांना पाठवलं की असंच होतं. ते मला कधीच सहन झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी नळकांडी वर आली तेव्हा बाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मी तोटी सोडली, बाटली धरली. खलाशी मागे सरलेला. वारा असा की डोळ्यांतलं पाणी गालावरच गोठायचं. दुसरी बाटली भरत असताना बाईंनी माझा खांदा धरला आणि म्हणाल्या, "हाताकडे बघा."

मी बघितलं. बाटली नळीच्या खाली होती, वीतभर. पाण्याची धार वरून बाटलीत पडत होती, फेस होत होता, खळखळ आवाज येत होता. पंधरा दिवस मी शपथेवर सांगितलं असतं की नळी तळाला आहे. डोक्याला ते माहीत होतं. हाताला दुसरंच माहीत होतं. माझ्या संस्थेत पाणी भरायचं काम मदतनीस करायचे, मी पुढची मोजणी करायचो. कधी भरलंच असेल तरी किनाऱ्यावरच्या उथळ, ढवळलेल्या पाण्यात आधीच हवा भरलेली असते, तिथे चूक दिसली नसती. ती दिसायला हजारो मैल लांबचं, खोल, काळोखातलं पाणी लागलं.

बाईंनी विचारलं, असं भरायला कुणी शिकवलं. मी म्हणालो, घरी. त्यांना वाटलं असणार, स्वयंपाकघरात. संध्याकाळच्या चहाला मात्र मी त्यांना सगळं सांगितलं, ओटा, पोहरा, वीतभर अंतर, आक्का, गुळाचा खडा. संध्याकाळ म्हणजे घड्याळातली. सूर्य तिथे मावळतच नव्हता. त्या चष्मा काढून पुसू लागल्या. मला वाटलं, आता त्या हळहळतील, आणि त्यांनी हळहळू नये असं मला अगदी मनापासून वाटत होतं. त्या हळहळल्या नाहीत. उठल्या, एक रिकामी बाटली आणि नळीचा तुकडा घेऊन आल्या आणि टेबलावर ठेवून म्हणाल्या, "नळी तळाला. टेकलेली कळली पाहिजे. आणि आवाज येता कामा नये."

पुढचे सहा दिवस मी जेवणाआधी आणि जेवणानंतर पिंपातलं गोडं पाणी बाटलीत भरत बसायचो. डोळे मिटून भरायचो, म्हणजे कान तयार होतील. पाणी वरून पडलं की बोलतं. नळी तळाला असली की बाटली गप्प राहते आणि पाणी मुकाट्याने वर चढतं. पहिल्या दिवशी दहांपैकी सहा बाटल्या बोलल्या. हात नळीला लागायच्या आत आखडायचा, आणि तो आखडतो आहे हे मला कळायचंही नाही. मला माझ्या हाताचा राग यायचा. मग वाटायचं, त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? शिव्या खायच्या नाहीत एवढंच तो शिकला होता. त्या तरुणाची मी माफी मागितली. त्याने त्याची जाडजूड नळी मला वापरायला दिली, ती वाकत नव्हती म्हणून तळाचा अंदाज चांगला यायचा. सहाव्या दिवशी सगळ्या बाटल्या गप्प होत्या.

बर्फाचा काठ आला. लिहिण्यासारखं तिथे पुष्कळ आहे, पण मला आठवतो तो रंग. जहाजाने बर्फाचा पत्रा फोडला की त्याचे तुकडे उलटायचे आणि उलट्या बाजूला ते तपकिरी असायचे, नाचणीची आंबील सांडल्यासारखे. तीच ती वनस्पती, बर्फाच्या पोटाला चिकटून वाढलेली. बारीक जाळं पाण्यातून ओढलं की तळाच्या भांड्यात हिरवट लगदा यायचा, त्याला काकडीसारखा वास. सूक्ष्मदर्शकाखाली तो लगदा म्हणजे काचेच्या डब्या, साखळ्या आणि चकत्या. चमचाभर पाण्यात एवढं पीक! मी बघत राहायचो आणि मनात आमचा माळ यायचा, भेगाळलेला, त्यात कुसळसुद्धा नाही. इथे बर्फाखाली रान माजलंय आणि तिथे आई खडी फोडतेय. मला त्या सुंदर गोष्टीचाही थोडा राग आला होता.

काठावरचे माझे आकडे तरुणाच्या आकड्यांशी जुळले. बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, पाहिले, आणि एकावर एक ठेवून टाचणी लावली. एवढंच. बंदरावर उतरायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

त्याच दिवसांत दाढीवाल्या खलाशाने माझा एक फोटो काढला. डोक्यावर कानटोपी, एका हातात काचेची बाटली, नळी बाटलीत तळापर्यंत गेलेली स्पष्ट दिसते. मधल्या बंदरावर जहाज भाजीपाला आणि तेल घ्यायला थांबलं, तिथून मी तो फोटो आईला पाठवला. सोबत चार ओळी लिहिल्या की मी खुशाल आहे, इथे समुद्रात पीक आहे आणि ते मोजायचं माझं काम आहे. पाणी कोण वाढतं, याचं उत्तर तेवढं लिहिलं नाही. फोटोत ते होतं असं मला वाटलं.

परतीच्या बंदरावर आईचं पत्र माझी वाट बघत होतं. अक्षर शाळेच्या गुरुजींचं, बोलणं आईचं. गुरुजींनी ते शुद्ध करायचा प्रयत्न केला होता, पण आई त्यांना पुरून उरली होती. तिने लिहिलं होतं की फोटो पोचला, अंगावर मांस दिसत नाही, आड आटला, आता टँकर येतो. आणि शेवटी, "ती नळी तू बाटलीच्या पोटात घातली हायेस. ते पानी मागनं दुसरं घेत्यात का? कोनी काय म्हनत न्हाई?" मी ते पत्र बाईंना वाचून दाखवलं, जमेल तसं इंग्रजीत. त्या म्हणाल्या, आईंना कळवा की तुमच्यामागून सगळे घेतात, मीसुद्धा. मी तसं कळवलं.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी रजेवर गावी आलो. पारनेरहून एस.टी.ने येताना दोन्ही बाजूला काहीच हिरवं नव्हतं. आई बारीक झाली होती, तळव्यांना खडीने घट्टे पडले होते, आवाज मात्र तोच. फोटो तिने तसबिरीच्या चौकटीत खोचला होता.

टँकर दिवसाआड सकाळी शाळेपुढे यायचा. ड्रायव्हर नगरचा, परक्या गावचा, त्याला आळीबिळी काही माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचं नव्हतं. रांग एकच लावा, घराला दोन भांडी, असं त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. टँकरची झडप गंजलेली, एकदा उघडली की मध्ये बंद करायची भानगड तो करायचा नाही. जाड रबरी पाइपातून पाणी वाहत राहायचं आणि ज्याची पाळी त्याने भांडं धरायचं. मी लांबून पाहिलं आणि मला बरं वाटलं. दुष्काळाने का होईना, गाव एका रांगेत आलं.

जवळ गेल्यावर नीट दिसलं. रांग एकच होती, पण भांडी दोन रीतींनी धरली जात होती. वरच्या आळीतले हंडा पाइपाच्या तोंडाला लावत. आमच्या वस्तीतले घागर वीतभर खाली धरत. कुणी तसं सांगितलेलं नव्हतं, सांगायची गरजही नव्हती. पाइपाखाली आमच्या माणसांनी सांडलेल्या पाण्याचा चिखल झाला होता आणि त्यात चिमण्या पाणी पीत होत्या.

आमच्यामागे आक्का उभी होती. म्हातारी झालेली, कमरेत वाकलेली, तिच्या घरची विहीरही आटलेली. मला पाहून तिला खरोखर आनंद झाला. ती म्हणाली की मी बर्फात गेल्याचं गुरुजींनी सांगितलं, आईने फोटो दाखवला, पोराने गावाचं नाव काढलं. मी तिच्या पाया पडायला वाकलो, ती नेहमीसारखी अर्धं पाऊल मागे झाली, आणि आशीर्वाद दिला.

आमची पाळी आली. मी घागर धरली. पाणी खळखळ करत आत पडू लागलं, फेस वर आला, माझ्या चपलांवर शिंतोडे उडाले. तो आवाज मी आधी ऐकला आणि मग खाली बघितलं. घागर पाइपाच्या वीतभर खाली होती. शेकडो बाटल्या मुकाट भरून आलेला हात गावच्या शिवेत आला आणि आपल्या जागी जाऊन बसला. मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नाही, आणि गंमत म्हणजे ती शरम कुणालाच दिसली नाही, कारण माझं काही चुकतंय असं त्या रांगेत कुणाला वाटलंच नव्हतं.

आईला वाटलं. तिने मागून माझ्या कोपराखाली हात घातला. घट्टे पडलेला तो हात मला सदऱ्यातून टोचला. कुजबुजत नाही, रोजच्या आवाजात ती म्हणाली, "फोटूत तळाला टेकवली हुतीस न्हवं? मंग हितं का न्हाई?"

आणि तिने कोपर वर उचललं. पाइपाचं तोंड घागरीच्या गळ्यातून आत गेलं, तळाला टेकलेलं मला हातात कळलं. आवाज थांबला. रांगेतलं बोलणंही थांबलं, त्यामुळे ती शांतता जरा जास्तच मोठी झाली. पाणी मुकाट्याने चढत गळ्यापर्यंत आलं. जहाजावर दोन-तीनदा वाहू द्यायचो. इथे पहिला थेंब काठावर आला तशी मी घागर काढली.

दुसरी घागर मी घ्यायला गेलो तर आईने ती दिली नाही. तिने स्वतः धरली. साऱ्या आयुष्यात तिने एक वीत कधी चुकवली नव्हती. त्या दिवशी तिने पाइप हाताने धरून घागरीत घातला, तळाला टेकवला आणि भरेपर्यंत कुणाकडेही पाहिलं नाही.

मग आक्काची पाळी. पाइप मोकळा वाहत होता, पाणी मातीत चाललं होतं, आणि आक्का हंडा कडेवर घेऊन पाइपाच्या तोंडाकडे पाहत उभी होती. मागून कुणीतरी ओरडलं की पाणी वाया चाललंय. ड्रायव्हरही खेकसला. आक्काने हंडा पुढे केला. खूप हळू, पाइपाच्या खाली, वीतभर अंतर ठेवून. तिच्या हाताला त्याची सवय नव्हती. धार हंड्याच्या काठावर आपटली, निम्मं पाणी बाहेर उडालं, तिच्या लुगड्याचा घोळ भिजला. ती हंडा इकडेतिकडे करत धार शोधत होती आणि तिला ती सापडत नव्हती.

मला आनंद झाला नाही, हे खरं सांगतो. मला तिची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा राग आला. आईने घागर डोक्यावर घेतली होती. ती निघाली, थांबली आणि मान न हलवता, जितकं वळता येतं तितकं वळून म्हणाली, "आक्का, जवळ धरा. सांडतंया."

आक्काने वर पाहिलं नाही. हंडाही वर झाला नाही. आम्ही वस्तीच्या वळणापर्यंत गेलो तरी मागून तो पाण्याचा आवाज येत होता. डोक्यावरची घागर सावरत आई पुढे चालत होती आणि तिची घागर गप्प होती.